मनातले मांडे, मामीचे मांडे

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून अमळनेरला मामाकडे गेले तेव्हा बॅगेत टेप, ग्राफ पॅड आणि इंटिरियर डिझाइनच्या थर्ड सेमची असाइनमेंट होती. एखादी छोटी कामाची जागा निवडा, मोजा आणि नव्याने मांडा. वर्गातल्या बाकीच्यांनी सलून, झेरॉक्सचं दुकान, कुणी काकाचं मेडिकल असं काय काय घेतलेलं. मी मामीची मांड्यांची खोली घेतली. कारण अगदी साधं, घरचं आहे, टेप लावायला कुणाला विचारावं लागत नाही, आणि मामाच्या डोक्यात तसंही घोळतच होतं की मागच्या खोलीचं 'मॉड्युलर किचन' करून टाकू, ऐंशी हजारापर्यंत खर्चायची तयारी होती त्याची.

खान्देशाबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. मांडे म्हणजे पुरणपोळीच, पण पोळपाटावर मावत नाही अशी. सपिटाची सैलसर कणीक खूप तिंबतात, दोन पुऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबतात, जरा लाटतात, आणि मग ती हातावर घेऊन मुठींवर, मनगटांवर, पार कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवतात. दोन फुटांची झाली की उपड्या खापरावर टाकायची. खापर म्हणजे मातीचं घुमटासारखं भांडं, खाली जाळ. भाजली की रुमालासारखी घडी. आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला आमरसाबरोबर हे लागतंच, आणि आता घरोघरी करणाऱ्या बायका कमी झाल्यात, त्यामुळे मामीला आखाजीच्या आठवड्यात दीड-दोनशेची ऑर्डर असते. मामी, मामाची चुलत वहिनी आणि शेजारच्या एक काकू, तिघी मिळून करतात.

घर जुनं आहे. पुढचा भाग धाब्याचा, म्हणजे वर मातीचं सपाट छप्पर, मातीच्या हातभर जाड भिंती, सागाचे खांब, मे महिन्यातसुद्धा आत गेलं की बरं वाटतं. मागची खोली नंतरची, पत्र्याची. १२ फूट बाय १० फूट. पत्रा एका बाजूला साडेनऊ फुटांवर, उतरत उतरत दुसऱ्या बाजूला साडेसात. पूर्वेला परसातलं दार, त्यावर विटका झालेला जुन्या साडीचा पडदा. दक्षिणेच्या भिंतीशी जमिनीवर चूल, भिंत निळीच्या चुन्याची, धुराने निम्मी काळी. मी सगळं मोजलं. खुंट्या, फळ्या, दाराची चौकट, अगदी पराती किती व्यासाच्या तेही. खापर कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेलं, त्याचीही उंची घेतली, ९ इंच. सर्व्हे शीट इतकी नीट झाली होती की मी ती इन्स्टावर टाकली.

म्हणजे मी बंद पडलेली खोली मोजली, दिवाळीत मांडे कोण करतं? पण हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता माझं पहिलं डिझाइन. फर्स्ट इयरला आम्हाला बेसिक डिझाइनमध्ये दोन याद्या पाठ झालेल्या असतात. रेषा, आकार, घन, पोत, रंग, प्रकाश, अवकाश ही एक. तोल, लय, प्रमाण, मान, भर, विरोध, एकसंधपणा ही दुसरी. (सर स्केलला 'मान' म्हणतात, आम्ही स्केलच म्हणतो.) मी प्रामाणिकपणे एकेक शब्द घेऊन खोलीत बसवला. भर द्यायचा म्हणून खापरामागची भिंत मोहरीच्या पिवळ्या रंगाची आणि खापरावर वरून लटकणारा एक पितळी दिवा, २७०० केल्व्हिनचा, मस्त उबदार. तोल म्हणून भट्टीच्या दोन्ही बाजूंना सारख्या मापाचे रॅक. लय म्हणून रॅकला सारख्या अंतरावर सारखी हँडलं. प्रमाण म्हणून रॅकच्या उंची-रुंदीत १.६१८, म्हणजे गोल्डन रेशो. आणि मामीचे गुडघे दुखतात, तिला जमिनीवर पाटावर बसवत नाही, म्हणून एल शेपचा कडप्प्याचा ओटा, उंची ३४ इंच, त्याच्यावर गॅसची भट्टी, भट्टीवर खापर. समोरच्या भिंतीला उभं कपाट. मधे साडेतीन फूट वाट. पत्र्याला पंखा.

त्यात सिद्धांताचा पाठिंबाही होता हो! १९२६ चं फ्रँकफर्ट किचन आम्हाला शिकवलेलं, मार्गारेट श्युट्टे-लिहोट्स्की या बाईंनी केलेलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटरची खोली, त्यात बाईची पावलं मोजून, वेळ मोजून प्रत्येक वस्तू हाताशी. जवळपास दहा हजार घरांत ते बसवलं गेलं. मी शीटच्या कोपऱ्यात त्याचा छोटा प्लॅनही काढला, म्हणजे ज्युरीला कळावं की मुलगी वाचते. पुढे कळलं की त्या बाईंनीच नंतर सांगितलंय, ते किचन डिझाइन करेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाकच केला नव्हता. अर्थात त्यांनी निदान काम करणाऱ्या बायकांच्या हालचालींचा अभ्यास तरी केला होता. मी काय केलं होतं, तर खुंट्या मोजल्या होत्या.

जानेवारीत ज्युरी झाली. रेंडर, म्हणजे खोलीचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, सगळ्यांना आवडलं. एकच मॅडम बराच वेळ शीटसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, प्लॅनमधली पांढरी जागा दाखव बरं. मी म्हटलं, ही काय, सर्क्युलेशन, चालाय-फिरायची जागा. त्या म्हणाल्या, म्हणजे फर्निचर ठेवून उरलेली. मला ते टोमणा वाटलं, मार्क बरे मिळाले म्हणून मी विसरले.

मामीला रेंडर मोबाइलवर पाठवलेलं, पण ती म्हणाली तू आली की दाखव, मोठ्या स्क्रीनवर. मग आखाजीच्या चार दिवस आधी गेले तेव्हा लॅपटॉप ओट्यावर ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. "हाई चित्र चांगलं शे," म्हणाली. मग स्क्रीनच्या अगदी जवळ येऊन, "पन यामा मी कोठे शे?"

मी हसले. म्हटलं, मामी, रेंडरमध्ये माणसं टाकत नाहीत, खोली नीट दिसत नाही मग.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला उठवलं. उन्हाळ्यात हे काम पहाटेच, दहाच्या आत संपवायचं, कारण नंतर पत्रा तापतो आणि जळगाव-धुळ्याकडचं ऊन तर माहितीच आहे, पारा ४४ च्या पुढे गेला तरी कुणाला नवल वाटत नाही. मी दारात स्टूल टाकून बसले, वही घेऊन, आणि पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की ही खोली मी ओळखतच नाही.

सगळ्यात आधी वस्तू. दिवाळीत भिंतीला लागून असलेल्या पराती, पाट, डबे, सगळं मधे आलं आणि तरी मधे एक गोल रिकामा राहिला. त्या गोलात मामी. तिच्या डाव्या हाताला ओल्या फडक्याखाली कणकेची परात, सात-आठ किलोची, जड. उजव्या हाताला चटईवर पसरलेलं धोतर, त्यावर झालेले मांडे, जागा भरपूर खाणारे पण वजन काहीच नाही. काकू परातीकडे, वहिनी धोतराकडे. मामी गोळा घ्यायला डावीकडे वळते, लाटते, हातावर घेते, फिरवते, मग अर्धी पूर्वेला दाराकडे वळून हातावरचा मांडा उजेडासमोर धरते, पुरण सगळीकडे सारखं गेलंय का, कुठे जाड राहिलंय का ते बघते, परत दक्षिणेला वळून खापरावर टाकते. दर वेळेला हेच. तासाभराने जमिनीकडे पाहिलं तर लाटताना उडालेल्या पिठाचा पांढरा अर्धगोल पडलेला, त्याच्या आत मामीच्या पावलांनी पुसलेली स्वच्छ जागा, आणि बाहेर काकू-वहिनीच्या ये-जा करण्याच्या दोन वाटा. खोलीचा प्लॅन जमिनीवर आपोआप काढला गेलेला होता! मी टेप आणला. कोपर पूर्ण बाहेर काढून, हातावर मांडा असताना मामीला लागणारा गोल ५ फूट २ इंच व्यासाचा भरला. माझी वाट साडेतीन फूट.

काम आटोपल्यावर मी हट्टाने परसात रांगोळीने माझं डिझाइन खऱ्या मापात आखलं. ओटा म्हणून टेबल, त्याखाली विटा ठेवून बरोबर ३४ इंच, दोन्ही बाजूंना रॅक म्हणून खुर्च्या उभ्या केल्या, मागे कपाट म्हणून खाट. मामीला मधे उभं केलं आणि म्हटलं, कर आता. तिने नुसतीच हाताची हालचाल केली आणि उजवं कोपर खुर्चीला लागलं.

"मना हात कोठे जाई वं?"

काकू इतक्या हसल्या की मामाही बाहेर आला. मग मी टेबलावर भट्टी म्हणून ६ इंचाचं खोकं आणि त्यावर खरं खापर ठेवलं. ३४ आणि ६ आणि ९, झाले ४९. मामीची उंची ४ फूट ११ इंच. खापराचा माथा तिच्या खांद्याच्याही वर जात होता! म्हणजे दोन फुटांचा लिबलिबीत मांडा दोन्ही हातांवर घेऊन तिने खांद्याच्या वर उचलायचा आणि तापलेल्या घुमटावर टाकायचा. मी गुडघ्यांची काळजी करता करता तिचे हात भाजायची व्यवस्था केली होती.

इथे थोडं थांबते, कारण ही चूक खूप जण करतात असं मला वाटतं. ओट्याची ३४ इंच उंची हे पुस्तकातलं माप चुकीचं नाही. भाजी चिरायला, पोळी लाटायला सरासरी बाईला ते चालतं. पण ते माप ओट्याचं आहे, कामाचं नाही. हात जिथे काम करतात ती उंची धरायची असते, आणि अशा हलक्या कामासाठी ती कोपरापेक्षा दोन ते चार इंच खाली असली तर खांदे भरून येत नाहीत. मामीचं उभं असतानाचं कोपर मोजलं, ३७ इंच. म्हणजे खापराचा माथा ३३ वर यायला हवा. त्यातून खापर ९ आणि भट्टी ६ वजा केली तर बुड १८ इंचावर. माझ्या ओट्याच्या जवळजवळ निम्मं. प्रमाण शिकताना आम्हाला ल कॉर्ब्युझिये या आर्किटेक्टचा 'मॉड्युलॉर' माणूस काढायला लावला होता, हात वर करून उभा असलेला, हातासकट २.२६ मीटर. त्या माणसाची उंची आधी १.७५ मीटर धरली होती, नंतर १.८३ केली, सहा फूट, आणि त्यामागे इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमधला देखणा पोलीस नेहमी सहा फुटी असतो हे कारण दिलेलं. फर्स्ट इयरला हे ऐकून आम्ही हसलो होतो. मामी त्या माणसाच्या जेमतेम खांद्याला लागेल, आणि मी तरी १.६१८ लावून बसले होते ते रॅकच्या दारांना.

रंगाचं प्रकरण वेगळंच निघालं. मला वाटत होतं निदान पिवळी भिंत तरी बरोबर आहे. पण भाजताना मामी सतत मांड्याच्या रंगाकडे बघत असते, पांढरट, मग पिवळट, मग बदामी ठिपके, तेवढ्यात काढायचा, दोन-चार सेकंद उशीर झाला की कड कडक होते आणि घडी मोडते. आम्ही गंमत म्हणून भिंतीवर मोहरीच्या रंगाची चादर टांगून पाहिली, त्यावर पिवळा बल्ब. मामी दुसऱ्याच मांड्याला म्हणाली की काढ ते, समजतच नाही. हे म्हणजे शेव्रूलचीच गोष्ट. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात हा माणूस रंगाईचा प्रमुख होता, तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, त्याने तपासलं तर रंग ठीक होता, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो काळा फिका दिसत होता. १८३९ मध्ये त्याने त्यावर सगळं मांडलं, आम्ही त्याला सायमल्टेनियस कॉन्ट्रास्ट म्हणून परीक्षेत पाच मार्कांना लिहितो. पिवळ्यावर पिवळं हरवतं, निळ्यावर उठून दिसतं. आणि मामीची भिंत निळीच होती! पन्नास वर्षं त्या घरात निळीचा चुना लागतोय, तो मुद्दाम मांड्यांसाठी कुणी लावला असं मी म्हणणार नाही, इकडे बऱ्याच घरांत लावायचे, पण तो खरवडून काढायची ओळ माझ्या शीटमध्ये ठळक अक्षरात होती.

साडीच्या पडद्याचंही तेच. मी त्याला 'क्लटर' म्हणून काढून टाकला होता. पहाटेपासून दार उघडं असतं, साडेसहाच्या सुमारास सूर्य सरळ दारातून आत येतो, तेव्हा वहिनी उठून पडदा ओढतात आणि सगळं दार एका मोठ्या मऊ दिव्यासारखं होतं. त्याच्यासमोर धरलेला मांडा आरपार दिसतो, पुरणाची प्रत्येक गाठ दिसते. माझा पितळी दिवा वरून टाकला असता तर मांड्याच्या वरच्या बाजूवर उजेड आणि खाली मामीच्याच हातांची सावली.

पंख्याबद्दल तर काय बोलायचं, काकूंनी मला लहान मुलीला सांगतात तसं सांगितलं की वाऱ्याने हातावरचा मांडा सुकतो आणि फाटतो. मग एवढ्या उकाड्यात करायचं काय? हवा हातांजवळून न जाता डोक्यावरून जायला हवी. पत्रा जिथे सर्वात उंच, साडेनऊ फुटांवर, तिथे भिंत आणि पत्र्यात आडवी फट ठेवायची, जाळी लावून, आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगत दोन झरोके. गरम हवा हलकी, ती वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी खालून गार हवा ओढली जाते, पुस्तकात याला स्टॅक इफेक्ट म्हणतात. वारा जाणवत नाही पण कोंडत नाही.

मे महिन्यात मी सगळं परत काढलं, कॉलेजसाठी नाही, मामासाठी. या वेळी कागदावर पहिली गोष्ट काढली ती ५ फूट २ इंचाचा गोल. मग त्याला हात न लावता बाकीचं. खापर गोलाच्या दक्षिणेच्या कडेवर. कणकेची परात डावीकडे २८ इंचाच्या चौरंगावर, जड वस्तू असल्यामुळे गोलाच्या अगदी जवळ. उजवीकडे धोतर पसरायला ६ फुटी घडीचं टेबल, जरा लांब, हलकं. एका बाजूला छोटं जड, दुसऱ्या बाजूला मोठं हलकं, दूर. तराजूत असतं तसं. असिमेट्रिकल बॅलन्सची व्याख्या मी तीन वेळा परीक्षेत लिहिली आहे. रॅक, कपाट, हँडलं सगळं गेलं, डबे पुढच्या माजघरातच राहिले जिथे ते आधीही होते.

मामाला हे पटवणं अवघड गेलं. त्याचं म्हणणं, आर्किटेक्ट भाची घरात असून खोली आधीसारखीच दिसतेय, मग पैसे कशाचे. (मी त्याला सांगत असते की मला आर्किटेक्ट म्हणू नको, १९७२ च्या कायद्याने तो शब्द कौन्सिलकडे नोंदणी झालेल्यांनाच वापरता येतो, आम्ही इंटिरियरवाले. तो म्हणतो बरं, आर्किटेक्ट.) शेवटी ऐंशी हजारांऐवजी एकतीस हजारांत भागलं म्हटल्यावर तो गप्प झाला. फॅब्रिकेटरने १८ इंचाचा लोखंडी स्टँड केला, पाय बदलता येतील असा, कारण पुढे वहिनी भट्टीवर उभ्या राहिल्या तर त्या मामीपेक्षा चार इंच उंच आहेत. गवंड्याने झरोके पाडले, फट काढली. जमिनीला शहाबादी, बिनपॉलिशची, पीठ-पाणी सांडलं तरी पाय घसरू नये म्हणून. दाराला पडदा तोच, फक्त साडी धुतली आणि सरळ तारेवर घेतली. दिवा ४००० केल्व्हिनचा, रंग खरे दाखवणारा, खापराच्या वर न लावता दाराच्या वरच्या चौकटीला, म्हणजे पहाटे चारला सूर्य नसतो तेव्हाही उजेड त्याच बाजूने येईल.

सगळं जमलं असं नाही. गॅसच्या भट्टीवर खापर मधोमध जास्त तापतं आणि कडा कच्च्या राहतात ही मामीची तक्रार खरी आहे, चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ सगळीकडून लागायचा. मोठ्या रिंगचा बर्नर आणला, त्याने थोडं सुधारलं. जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात वरच्या फटीतून पाणी आत आलं, पत्र्याला नऊ इंच पुढे काढायला हवं होतं, ते माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, सहाच इंच दाखवलेलं. आणि मामी अजूनही कणीक तिंबायला जमिनीवरच बसते, म्हणते अंगाचं वजन खाली टाकल्याशिवाय ती तिंबली जात नाही. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिला उभं राहून तिंबायला सांगणं म्हणजे परत एकदा ३४ इंचाचा ओटा.

श्रावणात कानबाईच्या सणाला गेले तेव्हा त्या गोलात नवा कूलर उभा होता. मामाने आणलेला. तो म्हणाला, मधे एवढी जागा नुसतीच पडली होती. मामीने काही न बोलता कूलरचं बटण दाबलं, त्याच्यासमोर हातावर मांडा धरला आणि तो फाटेपर्यंत थांबली. संध्याकाळी कूलर धाब्यावर होता, मामाच्या खाटेशेजारी.

फोर्थ सेमला मॅडमना नवी शीट दाखवली. त्यांनी परत तेच विचारलं, पांढरी जागा दाखव. मी गोल दाखवला. त्यात या वेळी मामी होती, कोपरं बाहेर काढलेली, हातावर मांडा. त्या म्हणाल्या, हिची साडी कसली आहे, नीट काढ, निऱ्या अशा नसतात.

निऱ्या खरंच चुकल्या होत्या. मामीला व्हिडिओ कॉल करून परत काढल्या.